हुकूम खाली पोचतो, खबर वर येत नाही : युद्धकाळातला हुकूमशहा

बडोद्यात दांडिया बाजारात आमचे एक छोटे मराठी अभ्यासमंडळ भरते. सयाजीराव विद्यापीठात शिकणारी मुले तिथे येतात आणि निवृत्त झालेली वडीलधारी मंडळीही येतात. दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारतो, "सर, लढाईच्या वेळी सूत्रे एकाच्याच हातात असलेली बरी नव्हेत का? संसदेत चर्चा करत बसायला वेळ कुठे असतो?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. एका माणसाच्या हुकमावर चालणारे राष्ट्र काही कामे खरोखरच फार वेगाने करते. मात्र त्या वेगाची किंमत युद्धात नेमकी कुठे मोजावी लागते, हे समजून घेतल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. माझ्या मते ती किंमत बातमीच्या वाटेवर मोजावी लागते, कारण हुकूमशाहीत वरचा हुकूम शेवटच्या शिपायापर्यंत झपाट्याने पोचतो, पण त्या शिपायाने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट वरपर्यंत जशीच्या तशी कधीच पोचत नाही.

आधी हुकूमशहा कोणाला म्हणायचे ते पाहू. हाती अनिर्बंध सत्ता असणे एवढेच त्याचे लक्षण नव्हे. आपल्या बडोदे संस्थानात तिसऱ्या सयाजीराव महाराजांचा शब्द हाच कायदा होता, वर इंग्रजांचा अंमल होता ही गोष्ट वेगळी, तरीही त्यांना कोणी हुकूमशहा म्हणत नाही. त्यांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि पुढे गावोगावी ग्रंथालये उभारली, हे त्याचे एक कारण आहेच. दुसरे कारण आपण सहसा लक्षात घेत नाही. राजाच्या गादीला वारसाचा नियम असतो. १९३९ च्या फेब्रुवारीत महाराज वारले आणि त्यांचे नातू प्रतापसिंहराव गादीवर आले, तेव्हा कोणाला तलवार उपसावी लागली नाही. हुकूमशहाच्या खुर्चीला असा कोणताही मान्य नियम नसतो. ती ज्या जोरावर मिळाली त्याच जोरावर उद्या दुसरा कोणी ती हिसकावू शकतो, आणि खुर्ची गेली की बहुधा जीवही जातो. म्हणून युद्धाच्या काळात त्याला दोन आघाड्यांवर लढावे लागते. एक आघाडी सीमेवरच्या शत्रूशी असते आणि दुसरी स्वतःच्या सेनापतींशी, मंत्र्यांशी आणि गुप्त पोलिसांच्या प्रमुखाशी. त्याचे अनेक निर्णय पहिल्या आघाडीच्या दृष्टीने वेडगळ वाटतात, पण दुसऱ्या आघाडीच्या दृष्टीने पाहिले की त्यांचा अर्थ लागतो.

सैन्याच्याच बाबतीत पाहा. शत्रूला हरवायचे तर सैन्य बलवान हवे, पण बलवान सैन्य आणि लोकप्रिय सेनापती हाच हुकूमशहाच्या खुर्चीला सर्वांत मोठा धोका असतो. स्टालिनने १९३७–३८ मध्ये आपल्या सैन्यातले हजारो अधिकारी पकडले, आणि त्यांतल्या कित्येकांना गोळ्या घातल्या. पाच मार्शलांपैकी तिघांचा, म्हणजे तुखाचेव्हस्की, येगोरोव्ह आणि ब्ल्यूखर यांचा, त्यात बळी गेला. हिटलरचा मार्ग निराळा होता. त्याने एकाच कामासाठी तीन-चार अधिकारपीठे निर्माण केली आणि ती आपसांत भांडत राहतील अशी व्यवस्था ठेवली. भूदल होते, त्याच्या शेजारी एसएस या पक्षीय संघटनेचे स्वतंत्र लढाऊ सैन्य होते, आणि पूर्व आघाडीवर माणसांचा तुटवडा पडला तेव्हा हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग आपली माणसे भूदलाच्या हवाली करायला तयार होईना, म्हणून हवाई दलाच्याच वेगळ्या, जमिनीवरच्या लढाईत कच्च्या असलेल्या डिव्हिजन उभ्या राहिल्या. असे भांडण लागले की शेवटचा निवाडा करायला सर्वांना हिटलरकडेच यावे लागे. त्यामुळे त्याची खुर्ची भक्कम झाली आणि लढाई मात्र पोखरली गेली.

आता बातमीच्या वाटेकडे वळू. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण १९४१ च्या जूनमधल्या मॉस्कोत हा सगळा प्रकार भिंगाखाली ठेवावा इतका स्पष्ट दिसतो.

जर्मनी सोव्हिएत संघावर हल्ला करणार, याची खबर स्टालिनला एकाच ठिकाणाहून आलेली नव्हती. टोकियोतून त्याचा हेर रिचर्ड सोर्गे कळवत होता, चर्चिलने इशारा दिला होता, बर्लिनमधल्या जर्मन हवाई मंत्रालयात त्याचा माणूस बसलेला होता, आणि सीमेवरचे अधिकारी पलीकडे जमणारे सैन्य डोळ्यांनी पाहत होते. आपल्याकडे पेशवाईत दरबारोदरबारी वकील आणि अखबारनवीस बसलेले असत. एकच बातमी दोन-तीन वाटांनी आली की ती ताडून पाहता येत असे. स्टालिनकडे अशा वाटा भरपूर होत्या. पण त्या सगळ्या ज्या टेबलावर येऊन थांबत, त्या टेबलामागच्या माणसाचे मत आधीच ठरलेले होते. इंग्लंडशी चाललेले युद्ध आटोपल्याशिवाय हिटलर दुसरी आघाडी उघडणार नाही आणि हे सगळे इशारे म्हणजे आपल्याला युद्धात ओढण्याचा इंग्रजांचा डाव आहे, असे त्याने मनाशी पक्के केले होते.

लष्करी गुप्तवार्ता विभागाचा प्रमुख गोलिकोव्ह याच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते, हे मी मुलांना विचारतो. त्याच्या आधीचा प्रमुख प्रोस्कुरोव्ह वरिष्ठांना न रुचणारी माहिती स्पष्ट सांगण्याबद्दल ओळखला जाई. त्याला पदावरून काढण्यात आले आणि १९४१ मध्येच अटक करून गोळी घालण्यात आली. गोलिकोव्हने २० मार्च १९४१ रोजी एक अहवाल सादर केला. जर्मन सैन्य तीन गटांत विभागून कोणत्या दिशांना घुसेल याचा बऱ्याच अंशी अचूक आराखडा त्यात होता, आणि हल्ला १५ मे ते १५ जूनच्या दरम्यान होईल असा अंदाजही होता. अहवालाच्या अखेरीस मात्र निष्कर्ष असा काढला होता की, या वसंतात युद्ध अटळ असल्याच्या वार्ता इंग्रजांच्या, किंवा कदाचित जर्मनांच्याच हेरखात्याने मुद्दाम पसरवलेल्या मानाव्यात. माहिती खरी आणि निष्कर्ष साहेबांच्या मनाजोगता, असा तो कागद होता. त्या माणसाला भित्रा म्हणणे सोपे आहे, पण भीती हीच जिथे राज्य चालवण्याची रीत असते तिथे याहून वेगळा कागद तयार होणे कठीण असते.

१७ जूनच्या सुमारास बर्लिनच्या हवाई मंत्रालयातल्या त्या माणसाकडून हल्ल्याची तयारी पूर्ण झाल्याची बातमी आली, तेव्हा स्टालिनने अहवालावर अर्वाच्य शिवी लिहून शेरा मारला की हा खबऱ्या नसून खोट्या बातम्या पेरणारा आहे. त्याच्या तीनच दिवस आधी, १४ जूनला, तास या सरकारी वृत्तसंस्थेने युद्धाच्या अफवा निराधार असल्याचे जाहीर केले होते. सीमेवरच्या ज्या अधिकाऱ्याला समोर रणगाडे दिसत होते, त्याने ते निवेदन वाचले असेल तेव्हा त्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याचा विचार करून पाहावा. २२ जूनच्या पहाटे हल्ला झाला. सावध राहण्याचा आदेश त्याच रात्री निघाला होता, पण अनेक ठिकाणी तो वेळेवर पोचलाच नाही. पहिल्याच दिवशी सुमारे १,२०० सोव्हिएत विमाने नष्ट झाली आणि त्यांतली बहुतेक जमिनीवर उभी असतानाच गेली. पुढे पश्चिम आघाडीचा सेनापती पाव्हलोव्ह याला दोषी ठरवून गोळी घालण्यात आली. ज्याच्या हट्टामुळे हे घडले तो सोडून कोणीतरी दोषी ठरणे त्या व्यवस्थेत अपरिहार्य होते.

आता वेगाची बाजू. ती झाकून ठेवली तर मुलांच्या प्रश्नाला न्याय मिळणार नाही. ३० जून १९४१ रोजी स्टालिनच्या अध्यक्षतेखाली राज्य संरक्षण समिती स्थापन झाली, आणि पक्ष, सरकार व सैन्य यांची सारी सत्ता त्या मूठभर माणसांकडे आली. जर्मन सैन्य पुढे सरकत असताना या समितीने जुलै ते नोव्हेंबर १९४१ या काळात १,५२३ कारखाने पायापासून उखडून रेल्वेने उरल पर्वताकडे, सैबेरियात आणि मध्य आशियात हलवले. पुष्कळ ठिकाणी छप्पर पडण्याआधी, कडाक्याच्या थंडीत यंत्रे सुरू झाली. कोणाची जमीन, कोणाची नुकसानभरपाई, कामगारांची संमती, हे प्रश्न तिथे विचारलेच जात नव्हते. युद्ध तगवण्यात या स्थलांतराचा वाटा फार मोठा होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण हेही ध्यानात घ्यावे की कारखाना हलवण्याच्या कामात हुकूम स्वच्छ असतो आणि त्याचे फळ मोजता येते. यंत्र पोचले की नाही आणि रणगाडा बाहेर पडला की नाही, हे लपवता येत नाही. रणभूमीवर तसे नसते. तिथे आज सकाळी खरे असलेले संध्याकाळी खोटे ठरते आणि निर्णय घेणाऱ्याला दर तासाला खरे सांगणारा माणूस लागतो.

म्हणूनच युद्धकाळातल्या हुकूमशहाची खरी परीक्षा अशी असते की, आपल्या तोंडावर विरोध करणारा माणूस तो जवळ ठेवू शकतो की नाही. १९४१ च्या जुलैअखेर झुकोव्हने कीव्ह शहर सोडून सैन्य मागे घ्यावे असे सुचवले, तेव्हा स्टालिनने त्याला सरसेनाप्रमुखपदावरून दूर केले. सप्टेंबरमध्ये कीव्हला वेढा पडला आणि सहा लाखांहून अधिक सैनिक पकडल्याचा दावा जर्मनांनी केला. १९४२ च्या मे महिन्यात खारकोव्हलाही तोच हट्ट नडला. त्यानंतर मात्र स्टालिन हळूहळू बदलला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्याने झुकोव्हला आपला उपसरसेनापती केले आणि ऑक्टोबरमध्ये सेनापतीच्या बरोबरीने सही करणाऱ्या कमिसारांचा, म्हणजे सैन्यातल्या पक्षाच्या राजकीय अधिकाऱ्यांचा, अधिकार काढून घेतला. कुर्स्कला १९४३ मध्ये त्याची इच्छा आपण आधी चाल करावी अशी होती, पण आधी बचाव आणि मग प्रतिहल्ला हा सेनापतींचा सल्ला त्याने मानला.

रोकोसोव्हस्कीची हकीकत इथे सांगितलीच पाहिजे. या सेनापतीला १९३७ मध्ये अटक झाली होती, तुरुंगात त्याचे दात पाडण्यात आले होते, आणि १९४० मध्ये सुटका होऊन तो पुन्हा सैन्यात रुजू झाला होता. १९४४ च्या मे महिन्यात बेलारूसच्या मोहिमेची आखणी चालू असताना त्याने एकाऐवजी दोन ठिकाणी मुख्य मारा करण्याचा आग्रह धरला. त्याने स्वतः लिहून ठेवले आहे की, स्टालिनने त्याला शेजारच्या खोलीत जाऊन पुन्हा विचार करून यायला दोनदा सांगितले. स्टालिनचे निकटचे सहकारी मोलोतोव्ह आणि मालेन्कोव्ह त्या खोलीत येऊन, आपण कोणाशी वाद घालतो आहोत याचे भान ठेव, असे बजावून गेले. तिसऱ्यांदाही तो आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला आणि स्टालिनने मान्यता दिली. त्या उन्हाळ्यात जर्मनांचा मध्य सेनागट अक्षरशः मोडून पडला. एका योग्य योजनेला मान्यता मिळण्यासाठी दात पाडून घेतलेल्या माणसाला त्याच मालकासमोर तीन वेळा उभे राहावे लागते, ही मला त्या व्यवस्थेतली सर्वांत मन सुन्न करणारी गोष्ट वाटते.

हिटलरचा प्रवास नेमका उलट्या दिशेने झाला. डिसेंबर १९४१ मध्ये मॉस्कोसमोर सैन्य माघार घेऊ लागले तेव्हा त्याने जागचे हलू नका असा हुकूम सोडला आणि १९ डिसेंबरला भूदलाचे सेनापतिपद स्वतःकडे घेतले. आघाडी कोसळली नाही. तेव्हापासून आपली इच्छाशक्ती सेनापतींच्या हिशोबापेक्षा श्रेष्ठ आहे, अशी त्याची खात्री पटली. पुढच्या वर्षी त्याने सरसेनाप्रमुख हाल्डरला घरी पाठवले. नोव्हेंबर १९४२ मध्ये स्टालिनग्राडला अडीच लाखांहून अधिक माणसे वेढ्यात सापडली, तेव्हा विमानांनी रसद पुरवू, असे गोअरिंगने सांगितले. सैन्याला जिवंत राहायला रोज निदान ३०० टन माल हवा होता. प्रत्यक्षात सरासरीने शंभर टनांच्या आसपास पोचला. हे जमणार नाही असे हवाई दलातले जाणते अधिकारी सांगत होते, पण हिटलरला ऐकायचे होते ते गोअरिंग सांगत होता. फेब्रुवारी १९४३ च्या आरंभी सुमारे ९१,००० माणसे कैद झाली आणि त्यांतली पाच-सहा हजारच पुढे मायदेशी परतली.

सर्व निर्णय एकाच्याच हाती ठेवल्याने काय होते, हे ६ जून १९४४ च्या सकाळी दिसले. दोस्तांचे सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरत होते. राखीव ठेवलेल्या रणगाड्यांच्या डिव्हिजन हिटलरच्या परवानगीशिवाय हलवता येत नव्हत्या. पश्चिमेचा सेनापती रुंडश्टेट याने पहाटेच मागणी केली. पण हिटलर झोपलेला होता, खरी चढाई हीच आहे याची मुख्यालयाला खात्री नव्हती, आणि त्याच्या जवळच्या अधिकाऱ्यांनी परवानगी थोपवून धरली. ती मिळाली तेव्हा दुपार उलटून गेली होती. ज्या व्यवस्थेची सारी बढाई जलद निर्णयाची होती, तिच्यात एका माणसाच्या झोपेपायी मोलाचे तास गेले.

सामान्य लोकांना कसे सांभाळले जाते, हा भाग थोडक्यात सांगतो. केवळ धाकावर युद्ध चालत नाही. हिटलरला १९१८ ची भीती होती. उपाशी जनतेने त्या वेळी जर्मन राज्य उलथले असे त्याला वाटे, म्हणून बराच काळ त्याने जर्मन घरांवरचा ताण मर्यादेत ठेवला आणि त्यासाठी जिंकलेल्या देशांचे धान्य लुटले. जर्मनांच्या कैदेत सापडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिकांपैकी तीस लाखांच्या आसपास उपासमारीने, थंडीने आणि गोळ्यांनी मेले, त्याचा या हिशोबाशी थेट संबंध आहे. स्टालिनने ३ जुलै १९४१ च्या नभोवाणीवरील भाषणात नागरिकांना "भावांनो आणि बहिणींनो" अशी साद घातली, मायभूमीची आठवण करून दिली आणि १९४३ मध्ये, ज्या चर्चला त्याने चिरडले होते त्याच्याशी जुळवून घेतले. पण त्याच वेळी २८ जुलै १९४२ चा "एक पाऊलही मागे नाही" हा हुकूम होता आणि माघार घेणाऱ्यांवर बंदुका रोखून उभ्या असलेल्या तुकड्याही होत्या. त्या सैनिकांचे शौर्य खरे होते, त्यांचे देशप्रेम खरे होते, आणि त्यांच्या पाठीमागची बंदूकही खरी होती.

मुसोलिनीचे उदाहरण लहान आहे पण बोलके आहे. ऐंशी लाख संगिनींच्या वल्गना करणाऱ्या या माणसाने युद्ध, नौदल आणि हवाई दल ही तिन्ही खाती स्वतःकडे ठेवली होती. १० जून १९४० रोजी त्याने युद्ध पुकारले, पण व्यापारी जहाजांना माघारी बोलावण्याइतकीही पूर्वसूचना दिली नाही, म्हणून इटलीच्या व्यापारी नौदलाचा सुमारे एक तृतीयांश भाग परक्या बंदरांत अडकला. त्याच वर्षी ऑक्टोबरात लाखो सैनिकांना घरी पाठवण्याचे काम चालू असताना त्याने ग्रीसवर स्वारी केली. सद्दाम हुसेनने उलट, इराणशी लढताना १९८६ मध्ये फाव द्वीपकल्प गमावल्यावर सेनापतींना काहीसे मोकळे सोडले आणि १९८८ मध्ये फाव परत मिळवले. पण युद्ध संपताच त्याला त्याच विजयी सेनापतींची धास्ती वाटू लागली.

लोकशाहीत चुका होत नाहीत असे नाही. फरक आहे तो चूक बोलून दाखवण्यात. मे १९४० मध्ये नॉर्वेतल्या अपयशावर ब्रिटिश संसदेत दोन दिवस चर्चा झाली, पंतप्रधान चेंबरलेन यांनी २८१ विरुद्ध २०० मतांनी ठराव जिंकला आणि तरीही त्यांना जावे लागले. जुलै १९४२ मध्ये खुद्द चर्चिल यांच्यावर अविश्वासाचा ठराव आला. तो ४७५ विरुद्ध २५ मतांनी पडला, पण भर युद्धात पंतप्रधानांना उभे राहून उत्तर द्यावे लागले. हे सांगताना आपल्या देशाचा अनुभव मी विसरू शकत नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने येथल्या लोकप्रतिनिधींना न विचारता भारताला युद्धात ओढले; आपल्या बडोद्याचे नाव ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला मिळाले, आणि १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली, तेव्हा त्यांच्या वतीने लंडनच्या संसदेत मत देणारा कोणी नव्हता. घरी लोकशाही आणि वसाहतीत हुकूम, असे ते राज्य होते, आणि ज्यांचे म्हणणे वर पोचत नव्हते तेच मेले.

हुकूमशहाला युद्ध थांबवणेही जड जाते. हरलेला पंतप्रधान निवडणूक हरतो आणि घरी जातो. हरलेल्या हुकूमशहाला जायला घर नसते. म्हणून शंभरात एक संधी उरली तरी तो सारे राष्ट्र त्या एका संधीवर लावतो. २२ एप्रिल १९४५ रोजी बर्लिनच्या तळघरात हिटलर एसएसचा सेनापती श्टायनर याच्या प्रतिहल्ल्याची वाट पाहत होता, आणि श्टायनरकडे हल्ला करण्याजोगे सैन्यच नव्हते. नकाशावर मात्र ते होते. मुसोलिनीवर राजा आणि फॅसिस्ट महापरिषद असे दोन क्षीण का होईना अंकुश शिल्लक होते, म्हणून जुलै १९४३ मध्ये त्याला पदच्युत करता आले. अर्जेंटिनात लष्करशहा गाल्तिएरी याची सत्ता जून १९८२ मध्ये, फॉकलंड बेटांवरच्या शरणागतीनंतर चारच दिवसांत गेली, कारण तिथे सत्ता अनेक सेनाधिकाऱ्यांच्या मंडळाकडे होती आणि त्यांना त्याला बाजूला करणे शक्य होते. जर्मनीत असे मंडळ उरलेले नव्हते. १९४४ च्या जुलैत काही अधिकाऱ्यांनी बॉम्बने प्रयत्न केला, तो फसला, आणि त्यानंतरच्या महिन्यांत सर्वाधिक जर्मन सैनिक मेले.

विजयी हुकूमशहाचे काय होते, हेही मुले विचारतात. त्याची दुसरी आघाडी विजयानंतरही चालूच राहते. बर्लिन जिंकणाऱ्या झुकोव्हला स्टालिनने १९४६ मध्ये मॉस्कोतून काढून ओदेसाच्या लष्करी विभागात धाडले. जर्मनांच्या कैदेतून परतलेल्या सोव्हिएत सैनिकांची छाननी झाली आणि त्यांतल्या अनेकांना घराऐवजी श्रमछावण्या मिळाल्या. ९ मे हा विजयदिन १९४५ पासून सुट्टीचा दिवस होता. १९४८ पासून तो पुन्हा कामाचा दिवस झाला आणि स्टालिनच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १९६५ मध्ये, ती सुट्टी लोकांना परत मिळाली.